बाजारमास्तरांची साक्ष

बाजारमास्तरांसमोर ‘मंदी’ हा शब्द सहज उच्चारायची सोय नव्हती. बोलणारा कचेरीतला शिपाई असो की खुद्द मालक, मास्तर हातातला कप बशीत ठेवत, चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, “कशात?”

समोरचा गडबडून जाई. “कशात म्हणजे? एकूणच हो.”

“एकूण कुठी भरते गा बाजार? पत्ता दे मले. सायकल घेऊन जातो.”

ऐकणारे हसत. मास्तर हसत नसत. उत्तर मिळेपर्यंत ते त्या माणसाकडे असे पाहत राहत, की त्याला आपण शाळेत आहोत आणि गृहपाठ राहून गेला आहे, असंच वाटावं. ते एकेकाळी खरोखरच मराठीचे मास्तर होते. शाळा का सोडली ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी त्यांना पाहिलं ते सत्तर सालानंतर, आमच्या लहानशा दैनिकात. तिथं ते बाजाराचं पान लिहीत. खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं होतं. सगळं नागपूर त्यांना बाजारमास्तर म्हणे.

सकाळी आठला ते सायकल घेऊन इतवारीच्या बाजारात शिरत. शिरल्यावर मात्र सायकलवर बसत नसत. हातगाड्या आणि टेम्पोंच्या गर्दीतून ती हातात धरून चालत, धान्याच्या ओळीतून कापडाच्या ओळीत, तिथून मिरचीच्या ढिगांकडे. मिरचीचं देठ मोडून नाकाशी धरत, शिंकत, डोळे पुसत आणि समाधानानं म्हणत, “भिवापूरची आहे.” भिवापूर त्यांचं गाव. तेवढा एक पक्षपात त्यांच्यात होता. भाव विचारायची त्यांची रीतही उलटी होती. आधी हमालांशी बोलायचं, मग दुकानदाराशी, दलालाशी सगळ्यात शेवटी. “दलाल भाव सांगते,” ते म्हणत, “पण पाठीवर पोतं किती खेपा चढलं, हे हमालालेच ठाऊक राहते.”

मी तिथं मुद्रितशोधक म्हणून लागले तेव्हा नुकतीच बी.ए. झाले होते. कचेरीत मी एकटीच बाई. मास्तरांच्या टेबलावर काचेखाली एक पुठ्ठा होता, आणि त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात बाजाराचे शब्द: तेज, मजबूत, टिकून, स्थिर, नरम, उतार, घसरण. प्रत्येकापुढे तो केव्हा वापरायचा ते लिहिलेलं. त्यात मंदी नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, “थो शब्द काचेखाली नाही ठेवत. लागला तर मले विचारजो.”

मी विचारलं नाही. महिन्याच्या आतच ते मला भोवलं.

काटोलकडून संत्र्याच्या गाड्या एकदम आल्या होत्या. मास्तरांनी मथळा दिला होता, ‘संत्री नरम’. मला तो फार साधा वाटला. पदवीची हवा डोक्यात होती. मी प्रुफावर तो खोडून ‘संत्र्यात मंदी’ असं केलं, आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यानं शब्द बदलला. तिसऱ्या दिवशी काटोलच्या बसनं तीन बागाईतदार कचेरीत आले. त्यातल्या म्हाताऱ्यानं आमच्या अंकाची घडी मास्तरांसमोर उलगडली. आवाज चढवला नाही, तेच अधिक कठीण गेलं.

“अडत्यानं हे दाखवलं, मास्तर. म्हणे, पेपरातच आलं, मंदी आहे, आता याहून खालीच जाईन. आम्ही घाबरलो न् माल देऊन मोकळे झालो. त्याच दुपारी भाव पुन्हा वर.”

मास्तरांनी मथळा पाहिला. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. त्यांनी माझ्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी त्यांचं काम झालं असतं.

“चूक माही आहे,” ते म्हणाले. “उद्या माह्या नावानं छापतो.”

आणि छापली. पानाच्या डोक्यावर, स्वतःच्या पूर्ण नावासकट. मी रडले तेव्हा म्हणाले, “रडू नको वं. समजून घे. त्या शब्दानं एक संत्रं आणलं नाही का एक संत्रं नेलं नाही. त्यानं फक्त माणसाले घाबरवलं. घाबरलेला माणूस पाहिजे त्या भावात विकते.” मग पुठ्ठा काचेखालून काढून मला समजावलं. बाजार दोन दिवस बसला आणि उठणार असला, तर तो नरम. मंदी म्हणजे भाव पाडूनही माल उठत नाही, माल उठत नाही म्हणून काम थांबतं, काम थांबलं म्हणून लोक घेईनासे होतात. हे एकदा सुरू झालं की कोणा एकाच्या हातात राहत नाही. “म्हणून थो शब्द हातात घेण्याच्या अगोदर पाहून यायचं. एकदा नाही, रोज.”

याच शब्दानं पुढं आमच्या घराचं दार वाजवलं, म्हणून हे सगळं सांगायचं.

आम्ही कापडगिरणीच्या मागच्या वस्तीत राहत होतो. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा माझा भाऊ देवाजी सोळा-सतरा वर्षांचा होता. त्याच वर्षी वडील गेले आणि दादा गिरणीत मागावर लागला. पण मला शाळेतून काढायचं नाही, हे त्यानं आईला बजावून सांगितलं होतं. मी शाळा, मग कॉलेज, मग नोकरी अशी पुढं जात राहिले, आणि दादा दुसऱ्या पाळीला डबा घेऊन दुपारी अडीचला घरातून निघत राहिला.

त्या दिवशी बारा वाजले असतील. गिरणीचा माणूस एक कागद देऊन गेला, तो जुळवून त्याचं प्रूफ माझ्यासमोर आलं. ‘बाजारातील तीव्र मंदीमुळे गिरणीची दुसरी पाळी आजपासून बेमुदत बंद झाली आहे.’ गिरणीच्या फाटकावर ही नोटीस तीनला लागणार होती. म्हणजे दादाला अजून काही माहीत नव्हतं. या वेळी तो विहिरीवर अंघोळ करत असेल, आई भाकरी थापत असेल, आणि त्याची नोकरी गेल्याचं वाक्य माझ्या पेन्सिलीखाली होतं. त्यात शुद्धलेखनाची चूक आहे का, एवढंच मला पाहायचं होतं.

“काय झालं वं?” मास्तर बाजूनं जाताना थांबले. माझी पेन्सिल त्याच ओळीवर थांबली होती. मी कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी उभ्यानंच वाचला.

“भाऊ याच पाळीत?”

“हो. मागावर.”

“कोणत्या कापडाच्या?”

“धोतरांच्या.”

मास्तरांनी कागद पुन्हा वाचला. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि ‘बंद झाली आहे’ या तीन शब्दांखाली नखानं रेघ ओढली. “हे पाह्य. पाळी बंद झाली. दिवा विझला, फूल सुकलं, तसं. कुलूप लावाले मंदी सोता आली होती का? कोणीतरी माणसानं बंद केली ना? या वाक्यात माणूसच नाही.” आणि मग, स्वतःलाच विचारल्यासारखं, “आणि मंदी तरी कशात? काल याच गिरणीच्या गाठी मी हातगाडीवरून उतरतानी पाहिल्या. दुकानात ठेवल्याच नाही, तशाच टेम्पोत चढल्या.”

भर उन्हात ते सायकल घेऊन पुन्हा इतवारीत गेले. चारला परत आले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. पाणी न पिता त्यांनी लिहायला घेतलं. माझ्या डोळ्यांसमोर तोवर दुसरंच चित्र होतं: भरलेला डबा तसाच हातात घेऊन फाटकावरून परत फिरलेला दादा.

आमचे मालक भाऊसाहेब यांची खोली लाकडी पडद्याआड होती. तिथलं बोलणं सगळ्यांना ऐकू येई. त्या दिवशी जुळवणाऱ्यांचे हातही थांबले होते.

“मास्तर, गिरणीचा कागद आहे तसा जाईल.”

“जाऊ द्या. पण ‘गिरणीच्या म्हणण्यानुसार’ असं वर पाहिजे. मंदी थे म्हणून राहिले, आपण नाही.”

“आणि तुमच्या पानावर हे काय लिहिलंत? ‘छापील साड्या व शर्टिंग तेज, माल पोचताच उचल.’ त्याच गिरणीचा माल! पहिल्या पानावर मंदी आणि तिसऱ्या पानावर तेजी?”

“खाली ‘जाडी धोतरे नरम’ असंही लिहिलं. जे पाहिलं थे सारं लिहिलं.”

“गिरणीच्या जाहिराती बंद झाल्या तर कागद कुठून आणू मी? तुम्ही आणाल?”

भाऊसाहेब वाईट माणूस नव्हते. घाबरलेले होते. शेवटी त्यांचाच आवाज आला, थकलेला. “जा. तसंच जाऊ द्या. उद्याचं उद्या पाहू.”

उद्या लवकर उजाडला. सकाळी फाटकापाशी युनियनचा चिटणीस एका पेटीवर उभा राहून आमचं तिसरं पान मोठ्यानं वाचत होता. ज्या पानाकडे वस्तीतलं कोणी ढुंकून पाहत नसे, ते त्या दिवशी हातोहात फिरलं. दुपारी गिरणीचे मॅनेजर गाडीनं कचेरीत आले. त्यांना खुलासा हवा होता: आमच्या प्रतिनिधीच्या गैरसमजातून चुकीचा मजकूर छापला गेला. आणि ही माहिती कोणत्या दुकानदारानं, कोणत्या हमालानं दिली, त्यांची नावं हवी होती.

मास्तर उभे राहिले. “कापडाची ओळ उघड्यावर आहे, साहेब. माह्यासंगं चला, सोता पाहा. नावं कोणाचीच देणार नाही.”

“खुलाशावर सही करा.”

“गैरसमज झाला असता तर केली असती. याच्या अगोदर केली आहे.”

सही न केल्याचा परिणाम संध्याकाळच्या आत दिसला. बाजाराचं पान दुसऱ्याकडे गेलं आणि मास्तर माझ्याशेजारी प्रुफाच्या बाकावर आले. पन्नाशी उलटलेला माणूस नवख्यासारखा माझ्याकडून कागद घेऊन तपासू लागला. तरी सकाळी आठला ते इतवारीत जातच होते. मी म्हटलं, “लिहायचं नाही, तर जाता कशाला?” म्हणाले, “लिहिणं बंद केलं त्यायनं. पाहणं बंद कर असं कोणी म्हटलं नाही.”

प्रकरण कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांपुढे गेलं. पाच-सहा आठवडे त्यात गेले. वस्तीतली माणसं सकाळी उठून फाटकापाशी जाऊन बसत आणि दुपारी परत येत. दादा घरी कमी बोलू लागला. युनियननं साक्षीदार म्हणून मास्तरांचं नाव दिलं, तेव्हा आईनं पहिल्यांदा मला विचारलं, “कसा आहे गं थो माणूस?” मी छाती फुगवून सांगितलं, “खोटं बोलत नाही.”

सुनावणी सकाळी अकराची. खोली लहान, पंखा एकच. एका बाजूला गिरणीचे वकील, दुसऱ्या बाजूला चिटणीस, मागं भिंतीला टेकून दादा आणि इतर. मी रजा काढून आले होते. मास्तर धुवट सदरा घालून आले आणि तिथं पहिल्यांदा मी त्यांना सलग पुस्तकी मराठी बोलताना ऐकलं.

चिटणीसानं विचारलं ते सगळं सरळ गेलं. साड्या आणि शर्टिंगचा माल दुकानात टिकत नाही, व्यापारी आणखी मागतात, हे मास्तरांनी कोणत्या वारी काय पाहिलं त्यासकट सांगितलं. मागं उभे असलेले लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग गिरणीचे वकील उठले.

“आपण अर्थशास्त्र शिकलात?”

“नाही. मी मराठीचा मास्तर.”

“मग मंदी आहे की नाही, हे आपण कोणत्या अधिकारानं सांगता?”

“मंदी हा मराठी शब्द आहे. आणि बाजार मी रोज पाहतो. या दोन गोष्टींपुरता अधिकार आहे.”

अधिकारी किंचित हसले. वकील हसले नाहीत. त्यांनी आमचा तो जुना अंक पुढं केला. “हे आपणच लिहिलंत? ‘जाडी धोतरे नरम’?”

“हो.”

“नरम म्हणजे काय?”

मास्तरांनी सांगितलं. बाजार बसलेला असतो, पण उठायची आशा असते.

“आणि मंदी?”

तेही सांगितलं. भाव पाडूनही माल उठत नाही ते.

“छान,” वकील म्हणाले. “या गोष्टीला सहा आठवडे झाले. आपण तर रोज जाता. आज शपथेवर सांगा. जाड्या धोतरांत नरमाई आहे, की मंदी आहे?”

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला, परत डोळ्यांवर घेतला. मग मान वळवून मागं पाहिलं. आधी माझ्याकडे, मग दादाकडे. दादाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण माझ्या शेजारी उभा आहे तो कोण, हे त्यांना कळलं असावं. मला वाटलं, आता ते नरम म्हणतील. मनातल्या मनात मी तो शब्द त्यांच्या तोंडात ठेवतही होते.

“मंदी आहे,” ते म्हणाले. “सहा आठवड्यांपूर्वी नरमाई होती. आता मंदी आहे. लोक टेरिकॉट घालतात. भाव पाडला तरी धोतर उठत नाही.” आणि वकील बसायच्या आत पुढं म्हणाले, “पण ती धोतरांत आहे. साड्यांत नाही, शर्टिंगमध्ये नाही. आपण सगळ्या पाळीला एकच शब्द लावला, तो खोटा आहे. हेही लिहून घ्यावं.”

आठ दिवसांनी निकाल लागला. साड्यांचे आणि शर्टिंगचे माग दुसऱ्या पाळीला पुन्हा सुरू करायचे. धोतरखातं बंदच. पाळीतली निम्म्याहून जास्त माणसं कामावर परत गेली. दादा त्यांत नव्हता.

त्या दिवसापासून मी मास्तरांशी बोलले नाही. एकाच बाकावर आम्ही बसत होतो. ते तपासलेला कागद माझ्याकडे सरकवत, मी तो त्यांच्याकडे न पाहता उचलत असे. चहा आला तर मी उठून बाहेर जाई. त्यांनी काही समजावून सांगायचा प्रयत्न केला नाही, त्याचाही मला राग आला. घरी दादा खाटेवर पाय खाली सोडून बसलेला असे, आणि अडीच वाजता आपोआप उठून उभा राही, मग पुन्हा बसे. ते पाहिलं की मला ती खोली आठवे आणि तो एक शब्द.

एका रविवारी सकाळी मास्तर घर विचारत वस्तीत आले. ज्यांना काम परत मिळालं होतं त्यांनी उठून जयभीम घातला. कोपऱ्यावरून कोणीतरी ओरडलं, “आले पाहा, खरं बोलणारे!” मास्तर तसेच पुढं आले आणि आमच्या उंबऱ्यापाशी थांबले. आईनं आत बोलावलं, पाणी दिलं. ते पाणी प्यायले. दादा खाटेवरून उठून उभा राहिला. मी आतल्या बाजूला होते. बाहेर यायचं नाही असं ठरवलं होतं, पण आले.

“काहून बोलले तुम्ही?” घरातली बोली माझ्या तोंडी आली. “एक शब्द तर होता. नरम म्हणून दिलं असतं तर तुमचं काय गेलं असतं?”

“माहं काही गेलं नसतं,” ते म्हणाले. “पण त्या वकिलानं साहेबाले इतवारीत नेलं असतं, धोतरायचे ढीग दाखवले असते. मंग साड्यायचं बोललो थेही खोटं ठरलं असतं. सारेच घरी बसले असते.” ते थांबले. त्यांचा हात रिकाम्या पेल्याभोवती घट्ट होता. “हे मी घरून ठरवून आलो होतो तुले सांगाले. पण थेच कारण नाही, सुमन. असं काही झालं नसतं, तरी मले नरम म्हणता आलं नसतं. थे नरम नव्हतं.”

मी काहीतरी फार वाईट बोलणार होते. तेवढ्यात दादा बोलला.

“तिले ठाऊक नाही, मास्तर. पाळी बंद झाली तवा चार महिने झाले होते, आमच्या मागावरचं कापड गोदामातच जाऊन राहिलं होतं. आमी विणत होतो न् तिथंच रचत होतो. वर छतापर्यंत.” मग तो आईकडे न पाहता म्हणाला, “घरी नाही सांगितलं मी. सांगून काय, आईची झोप गेली असती.”

आई चुलीकडे वळली. मी दादाकडे पाहत राहिले. चार महिने तो डबा घेऊन निघत होता, रात्री येऊन जेवत होता, मला कचेरीतलं विचारत होता. माझा सगळा राग उभ्याउभ्या निघून गेला आणि त्याच्या जागी काय आलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. आईनं तीन कप चहा आणून ठेवला. मास्तर उठले नाहीत. दादा त्यांच्याजवळ जमिनीवर बसला.

दादानं पुढं इतवारीतच हातगाडी ओढायला घेतली, कापडाच्याच ओळीत. सकाळी मास्तर सायकल हातात धरून त्याच्या गाडीबरोबर चालत आणि कोणत्या दुकानात किती गाठी उतरल्या ते विचारत. दोघांची बोलण्यातली घसट वाढली. मास्तरांनी त्याच्यासाठी अर्ज लिहिले, एक परत आला की दुसरा, तो परत आला की तिसरा. प्रत्येक अर्ज ते दादाकडून वाचून घेत आणि त्याला न समजलेला शब्द काढून टाकत. दीड वर्षानं दादाला एका शाळेत शिपायाची नोकरी मिळाली. दरम्यान आमच्या बाजाराच्या पानावर नवा माणूस आठवड्यातून तीनदा मंदी आणू लागला. व्यापाऱ्यांनी तक्रार केली, आणि भाऊसाहेबांनी काही न बोलता ते पान मास्तरांना परत दिलं. गिरणीच्या जाहिरातीही परत आल्या होत्या. दोघांनीही त्या जुन्या गोष्टीचा विषय काढला नाही.

नंतर मास्तरांची नजर अधू झाली. पान माझ्याकडे आलं. कापडाच्या ओळीत बाई भाव विचारत फिरते, याचं लोकांना काही दिवस नवल वाटलं, मग वाटेनासं झालं. मास्तर भिवापूरला थोरल्या बहिणीकडे राहायला गेले. बसमध्ये बसवायला मी गेले होते. खिडकीतून म्हणाले, “माही आठवण आली म्हणून काही विचाराले येऊ नको. तुले येते आता.” बस सुटली. मी काही बोलायच्या आत त्यांनी तोंड वळवलं होतं.

पाच-सहा वर्षांनी, एका सकाळी, भिवापूरहून कचेरीत फोन आला, मास्तर गेले. मी निघू शकत नव्हते. दिवाळीचा बाजार होता, पान एकटीवर होतं. मी दादाच्या शाळेत निरोप पाठवला. तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून मिळेल त्या बसनं गेला.

संध्याकाळी तो परत आला, तेव्हा मी दारातच होते. त्यानं हातपाय धुतले, आईजवळ बसला. मग सांगू लागला.

“पोचलो तवा उचलाचीच तयारी चालू होती. नात्यातले लोक, गावातले लोक. मले कोणी ओळखे ना. मी आपला बाजूले उभा राहिलो. त्यायची बहीण बसली होती, म्हातारी. तिनं विचारलं, बाबू, तुम्ही कोण त्यायचे?”

“मग?”

“काय सांगू? नातं तं काही नाही. मी म्हटलं, आई, मी गिरणीतला. यायनं साक्ष दिली न् ज्याचं काम गेलं, थो मी.”

आईनं पदर तोंडाशी नेला. मी विचारलं, “मग काय म्हणाली ती?”

“मले काही नाही म्हटलं,” दादा म्हणाला. “चार जण खांद्यावर घ्याले वाकले होते. तिनं त्यायले म्हटलं, थांबा. यायले पुढं येऊ द्या.”